गुरुवारचा बँड

लेथखाली लोखंडाचा कीस साठतो ना, तसे आमच्या बँडचे किस्से साठलेत. कितीही झाडा, एखादा बुटाला चिकटून घरी येतोच. चाकण पट्ट्यात आम्ही तिघं इंग्लिश गाणी वाजवायचो, तीही स्वतःची. तुम्ही आमचं नाव ऐकलं नसेल. वाईट वाटून घेऊ नका, कोणीच ऐकलेलं नाही.

*

सुरुवात कॉलिनसाहेबामुळे झाली. आमच्या विकासच्या कंपनीत रंगकामाचं नवीन पेंट शॉप बसवायला इंग्लंडहून आलेला हा पिकल्या केसांचा इंजिनिअर. तरुणपणी तो तिकडे एका पॉवर पॉप बँडमध्ये होता. पॉवर पॉप म्हणजे काय, तर गिटार मोठ्यानं, चाल गोड आणि तीन मिनिटांत खेळ खल्लास. परत जाताना त्यानं विकासला त्यांच्या गाण्यांचा पेन ड्राइव्ह दिला.

"मोठा बँड होता का, साहेब?" विकासनं त्याच्या इंग्लिशमध्ये विचारलं.

"आमच्या गल्लीतसुद्धा कोणाला माहीत नव्हता," साहेब म्हणाला. मग म्हणाला, "एकदा दुकानाच्या रांगेत माझ्या पुढची बाई आमचं गाणं गुणगुणत होती. नुसता मागे उभा राहिलो. तेवढंच आमचं करिअर."

झालं, विकास तेव्हापासून कामातून गेला. "राव, आपल्याला पण तेवढंच पाहिजे," तो म्हणायचा. "ओळखीचं नाही चालणार. परक्या माणसाच्या तोंडात आपलं गाणं आलं की बास."

*

विकास महाळुंग्याचा. गाणी तोच लिहायचा, तोच गायचा, गिटारही त्याचीच. मी बास गिटारवर. ड्रमवर लातूरचा दत्ता, जो एरवी प्रेस शॉपमध्ये पत्रे ठोकायचा. तिघांच्या तीन कंपन्या, तीन शिफ्टा, पण साप्ताहिक सुट्टी एकच, गुरुवार.

चाकणचा गुरुवार ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळायचा नाही. बहुतेक कारखाने बंद, त्यामुळे आठवडाभर अंगात भिनलेली घरघर थांबते आणि एकदम पारवे ऐकू येतात. धूळ खाली बसते. भामचंद्राचा डोंगर रात्रीतून जवळ सरकल्यासारखा वाटतो. अशा शांततेत आम्ही विकासच्या घरामागच्या गोठ्यात ॲम्प लावायचो. गुरं केव्हाच विकलेली, रिकाम्या गव्हाणीवर दत्ताच्या झांजा ठेवलेल्या. कौलांच्या फटीतून उन्हाचे पट्टे पडायचे आणि गाणं वाजायला लागलं की त्यातली धूळ हलायची. मला तो गोठा अजून स्वप्नात दिसतो.

पहिल्याच दिवशी विकासची आई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "का रं, कंपनीतला आवाज पुरंना म्हणून घरी आणला व्हय?"

*

रावेतच्या एका कॅफेवाल्यानं विचारलं, शनिवारी वाजवता का? आम्ही म्हटलं, गुरुवारीच जमेल. तो म्हणाला, गुरुवारी कोण येतं? तरी गेलो. खरंच कोणी आलं नव्हतं. एक लॅपटॉपवाला होता, त्यानं आम्हाला बघून हेडफोन चढवला.

दुसऱ्या गाण्याला मालक हात जोडून आला. "जरा हळू वाजवा ना."

दत्तानं मनापासून विचार केला. "दादा, मी प्रेसवर काम करतो. हळू म्हंजी कसं असतंय, एकदा वाजवून दाखवता का?"

मालकानं काठ्या घेतल्या आणि जो सुटला, तो उठायलाच तयार होईना. त्या दिवशीच्या टाळ्या त्यालाच पडल्या. लॅपटॉपवाल्यानं हेडफोन काढून वाजवल्या.

*

आमचं सगळ्यात चांगलं गाणं म्हणजे 'थर्सडे, डोन्ट गो'. खंडेनवमीला विकासच्या कंपनीत मशिनींना हार घातल्यावर आम्ही ते वाजवलं. एचआरच्या मॅडमना गाणं भिडलं असावं. त्यांनी हळूच विचारलं, "गुरुवारी भेटायची का हो ती?"

"नाही मॅडम," विकास म्हणाला, "गुरुवारी सुट्टी असायची."

हसावं की मेमो द्यावा, हे मॅडमना काही ठरवता येईना.

*

विकासच्या चुलतबहिणीची हळद राजगुरुनगरला होती. डीजे अडकला चाकणच्या ट्रॅफिकमध्ये, म्हणून आम्हाला उभं केलं. हळदीला आलेले ब्रास बँडवाले तेव्हा कोपऱ्यात जेवत होते. आमचं 'थर्सडे' संपलं तसा त्यांच्यातला म्हातारा क्लॅरिनेटवाला म्हणाला, "ते मधलं पुन्ना वाजवा बरं." वाजवलं. "आजून एकदा." पुन्हा वाजवलं.

"वन्स मोअर मिळाला, भावा," विकास हरखून गेला.

दत्ता म्हणाला, "त्यांची भाजी यायची राहिलीय अजून."

*

इतर बँड भांडून फुटतात. आमच्यात भांडायलाही वेळ नव्हता. दत्ताच्या कंपनीनं सुट्टी रविवारवर नेली, माझी सोमवारवर गेली. गुरुवार एकट्या विकासकडे राहिला. काही दिवस तो एकटाच गोठ्यात बसायचा, मग तिथं भाडेकरूंच्या मोटरसायकली लागायला लागल्या. परक्या माणसाच्या तोंडातल्या गाण्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. मला फार वाईट वाटायचं, पण बोलून काय करणार?

*

आणि हा परवाचा किस्सा. विकासनं रजा घेतली होती, माझी सुट्टी होती, दोघं त्याच्या बाईकवरून निघालो होतो. चाकणच्या चौकात नेहमीप्रमाणे सगळं ठप्प. पुढे वरात. उन्हात चमकणारी पितळी वाद्यं, फेट्यातली माणसं, घोड्यावर घामाघूम नवरदेव, मागे कंटेनरची रांग.

बँडनं नवीन चाल धरली आणि विकासनं बाईक बंद केली.

'थर्सडे, डोन्ट गो.' क्लॅरिनेटवर. जरा संथ, मध्ये दोन मुरक्या जास्तीच्या, ढोलाचा ठेका दत्तापेक्षा पुष्कळ बरा. पोरं नाचत होती. एक आजी कडेला उभी राहून तीच चाल तोंडातल्या तोंडात म्हणत होती.

विकासचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त हेल्मेट दिसत होतं. तो उतरला आणि क्लॅरिनेटवाल्याजवळ गेला. हा हळदीतला म्हातारा नव्हता, तरुण होता, आम्ही कधी न पाहिलेला. चाल संपल्यावर विकासनं विचारलं, "हे गाणं कुठलं हो?"

"जुनं हाय," तो म्हणाला. "आमच्या मास्तरांपासनं वाजतंय."

पुन्हा तीच चाल सुरू झाली. विकासनं हेल्मेट काढलं आणि तो बँडबरोबर चालत मोठ्यानं गायला लागला, पहिल्या कडव्यापासून, डोळे भरलेले. क्लॅरिनेटवाल्यानं थोडा वेळ सहन केलं. मग वाद्य तोंडातून काढून समजुतीच्या सुरात म्हणाला, "भाऊ, तुमची चाल चुकतीया."

"व्हय का?" विकास म्हणाला. "मग शिकवा की."