तोड्याखालचा पाय

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी बंजारा तांड्यावर जायचं, हा माझा नेम. उपकेंद्रापासून स्कूटीवर पंधरा मिनिटं, फुलसावंगीच्या बाजाराचा रस्ता सोडला की डावीकडे. समाजमंदिराच्या ओट्यावर सतरंजी टाकायची, वजनकाटा मांडायचा आणि शुगरवाल्यांना एकेक करून बोलवायचं. डॉक्टर अधूनमधून येणार, तेही जमलं तर. बाकी बोटातून रक्त काढणं, गोळ्या देणं, पाय तपासणं, रागावणं, सगळं नर्सकडे, म्हणजे माझ्याकडे. रागावणं मला चांगलं जमतं, असं तांडा म्हणतो.

एका गोष्टीवर मात्र मी कधी अवाक्षर काढलं नाही, आणि तेच आता जिवाला लागून राहिलंय.

माझ्या आधीच्या नर्सबाईनं इथल्या बायकांच्या घागऱ्यांवरून, दंडभर बांगड्यांवरून भर ओट्यावर टोमणे मारले होते. हे काय अंगावर लादून फिरता म्हणे, काढा आधी. बायका कशाला काढतात? त्यांनी येणंच सोडलं. मी रुजू झाले तेव्हा कित्येक महिने कोणाच्या बोटाला सुई लागली नव्हती. मी स्वतः बौद्ध वस्तीतली. आम्ही कसं राहावं, काय नेसावं हे आमच्या दारात उभं राहून शिकवणारे लोक लहानपणी पुष्कळ पाहिलेत. त्याची चीड अजून जात नाही. म्हणून ठरवलं, यांच्या दागिन्याला आपण बोट लावायचं नाही. बायका हळूहळू परत आल्या. तालुक्याच्या मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं, आणि मी फुगले.

त्या बायकांत एक याडी होती. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई, मीही तिला तेच म्हणायची. साठीच्या पुढची, काटक, सुनेच्या बरोबरीनं कापूस वेचणारी. शुगर जुनी. दोन्ही पायांत चांदीचे जाड तोडे, घोट्यावर घट्ट बसलेले. माझा नंबर आला म्हणत ती दर वेळी पाय पुढे करायची. मी तळवे बघायची, बोटांच्या बेचक्या बघायची, नायलॉनचा दोरा टेकवून लागतं का विचारायची. बहुतेक ठिकाणी तिला लागायचं नाही. अशा पायाला जखम झाली तरी दुखत नाही, म्हणून डोळ्यांनी सगळा पाय बघायचा असतो, हे मी आशाताईंना घसा ताणून शिकवते. आणि स्वतः तोड्यापाशी आले की थांबायची. नवरा जिवंत असेपर्यंत ते उतरवत नसतील, असं माझं मीच धरून चालले होते. विचारलं कोणालाच नव्हतं. गुळाचा चहा प्यायली म्हणून याच बाईला मी सगळ्यांदेखत झापलं होतं, तिथं जीभ बरी चालली. कार्डावर 'पाय तपासले, ठीक' लिहायचं आणि पुढच्याला हाक मारायची.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका सकाळी तिची सून उपकेंद्रावर आली. बुढीच्या पायाचा वास येऊन राह्यला, म्हणाली. मी तशीच निघाले. उजवा पाय सुजून तोडा मांसात रुतला होता आणि खालून पू येत होता. याडी बाजेवर बसून सुनेला माझ्यासाठी चहा टाकायला सांगत होती. तिला काही दुखतच नव्हतं.

तोडा कापायला कोणाला तरी बोलवा, असं मी म्हणाले. सून म्हणाली, कायले? पेच आहे न. तिनं मागचा बारीक पेच चिमटीत धरून फिरवला आणि तोडा उघडला. होळीच्या आधी घासायला दरवर्षी काढतात म्हणे. दोन वर्षं तो पेच माझ्या नाकासमोर होता.

खालची जखम त्या आठवड्यातली नव्हती. कडा जाड, काळ्या पडलेल्या. मागच्या मंगळवारी मी 'ठीक' लिहिलं तेव्हा ती तिथंच होती, माझ्या बोटांपासून दोन इंचांवर. तिला यवतमाळला नेलं. चार दिवसांनी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. तिथल्या डॉक्टरांनी कार्ड चाळत विचारलं, पाय कोण तपासायचं? मी बोलायच्या आत याडीनंच सांगितलं, आमची बाई दर महिन्याले पाह्यते, कधी खाडा नाही. केवढ्या अभिमानानं सांगितलं तिनं! मी खाटेला धरून उभी होते. तोंड उघडलं नाही. माझी मलाच शरम वाटली, पण तोंड उघडलं नाही.

ती घरी आल्यावर पट्टी बदलायला मी रोज जायची. पंधरा दिवस चहा प्यायले तिचा, डाव्या पायातला तोडा समोर दिसत असूनही विषय काढला नाही. शेवटी एकदा, तिचा म्हातारा शेजारी बसलेला असतानाच, म्हणाले, "याडी, म्या तोड्याखाली कधी पाह्यलंच नाही. तुले काढाले सांगतलं नाही."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"काहून नाही सांगतलं? तू म्हनली असती त काढला असता न."

मी काय सांगणार होते? की तुझा मान राखला? तिचा मान तिला विचारून राखायचा होता. मी माझं कौतुक जपलं, बायका पुन्हा रुसतील म्हणून भ्याले, आणि त्याला मान म्हटलं.

तिनं खाली वाकून डाव्या पायातल्या तोड्याचा पेच स्वतःच फिरवला, तोडा म्हाताऱ्याच्या हातात दिला आणि पाय माझ्या मांडीवर ठेवला. तोड्याखालची कातडी पांढुरकी, मऊ, ऊन न पाहिलेली. मी पिशवीतून दोरा काढला, घोट्यावर टेकवला आणि लागतं का, विचारलं.

ती म्हणाली, "ठेव त खरी."

दोरा तर ठेवलेलाच होता.