साइटवर असेल तेच खरं

ज्या माणसाला तुम्ही भर बैठकीत कासव म्हणून हिणवता, त्याच्यावर अख्ख्या वस्तीची घरं कुठल्या तोंडाने सोपवता?

आमच्या संघटनेने सोपवली. हा माणूस आधी झेरॉक्स मशिनी दुरुस्त करायचा. वेबसाइट बांधायला तो चुकतमाकत स्वतःच शिकला. पहिल्यांदा बसवली तेव्हा कितीतरी दिवस नुसतं पांढरं पान यायचं. "वा, चुना छान लावलायस!" म्हणत आमचे लोक चहाचे घोट घेत हसायचे. शेवटी कळलं, सर्व्हरवरचं सॉफ्टवेअरच जुनं होतं. ते बदललं, साइट उघडली. पण इतकी हळू, की गड्याचं नाव पडलं कासव.

वस्तीवर तोडकामाची नोटीस होती. सुनावणीची नवी तारीख रोज कोणीतरी उठवायचं आणि लोक काम बुडवून धावायचे. म्हणून अध्यक्षबाईंनी फतवा काढला: साइटवर असेल तेच खरं, बाकी सगळी अफवा. कासवाची थोरली बहीण त्याच वस्तीत शिवणकाम करायची. मशीनवरून मान वर न करता ती येईल त्याला सुनवायची, "माझ्या भावाच्या साइटवर आहे का? नाही ना? मग चालू लाग."

साइट का रांगते, हे कासवाला कळलं होतं. मोर्चाचे फोटो फोनमधून निघाले तसेच, अगडबंब, चढवलेले. त्याने ते लहान केले, तर अध्यक्षबाई भडकल्या.

"माझा चेहरा पुसट दिसतोय. होते तसे कर."

"मग साइट परत रांगेल, बाई."

"तुला कासव उगाच म्हणत नाहीत! परवा बाहेरचे पाहुणे येतायत. त्यांच्यासमोर धावली पाहिजे. कशी, ते तू बघ."

त्याने कॅशिंग बसवलं. म्हणजे येईल त्याच्यासाठी पान नव्याने रांधायचं नाही. एकदा केलेलं साठवून ठेवायचं आणि तेच सगळ्यांना वाढायचं. मजकूर बदलला की साठवलेली प्रत आपोआप पुसली जाते. जायला हवी. पण या प्रती ज्या फोल्डरमध्ये साठतात, त्यातलं पुसायची परवानगी साइटला द्यायची, ते साइट बसवतानाच राहून गेलं होतं. साइट बिचारी तसं सांगतही होती, ऑफिसच्या स्क्रीनवर, पिवळ्या पट्टीत. आमच्याकडे पिवळी पट्टी आली की फुली दाबून घालवायची, ही रीतच. यायच्याही ढीगभर. वाचणार कोण? त्यानेही घालवली.

पाहुण्यांसमोर साइट अशी पळाली की अध्यक्षबाईंनी त्याची पाठ थोपटली. येडा लाजला.

मग सुनावणी अलीकडे आली, सोमवारची शुक्रवारी. कासवाने लगेच साइटवर तारीख बदलली. ऑफिसात ज्याने त्याने बघितली: शुक्रवार. झालं, सगळे निश्चिंत. पण ऑफिसातले सगळे लॉगिन केलेले, आणि लॉगिन केलेल्याला साइट ताजं पान देते. शिळं मिळतं ते बाहेरच्याला. वस्ती बाहेर होती.

शुक्रवारी सकाळी इस्त्रीवाला बहिणीच्या दारात आला.

"ताई, सुनावणी आजच आहे. कचेरीच्या फळ्यावर वाचून आलो."

तिने फोन उघडला. सोमवार. "फळ्यावर पोरंसुद्धा लिहितात."

"पण ताई, चिकटवलेला कागद होता, शिक्का मारलेला."

"साइट माझ्या भावाची आहे. तू कपडे जाळू नकोस, जा."

तो हसला आणि इस्त्री गरम करायला गेला. त्याचंही घर त्याच रांगेत होतं.

तिकडे कचेरीत आमच्या लोकांचे फोन दारावरच जमा करून घेतले होते. ज्याचं घर त्यानेच हजर राहायचं, असा नियम. अध्यक्षबाई व्हरांड्यात येरझाऱ्या घालत म्हणत होत्या, "येतील, येतील. साइटवर टाकलंय." कोणी आलं नाही. कोणाचीच हरकत नाही, असं लिहून निकाल लागला.

सोमवारी वस्ती धुतलेले कपडे घालून कचेरीत पोचली. शिपाई म्हणाला, "वऱ्हाड उशिरा आलं. लग्न शुक्रवारीच लागलं."

तोडकामाची मशीन आली तेव्हा बहिणीने आधी शिवणयंत्र बाहेर काढलं. मग ती तडक ऑफिसात आली आणि भावासमोर आपला फोन धरला. त्याने आपला फोन त्याशेजारी धरला.

"इथे तर शुक्रवार दिसतोय, ताई."

"हो का? मग माझं घर तुझ्या फोनमध्ये बांधून दे."

अध्यक्षबाईंनी पत्रक काढलं: तांत्रिक चूक, संबंधिताला काढून टाकलं आहे. त्यांचे फोटो साइटवर अजून तेवढेच मोठे आहेत. बहीण आता भावाच्याच खोलीत राहते, तिथेच शिवते. त्याने जेवायचं विचारलं तरी मशीन थांबवत नाही. म्हणते, "साइटवर बघ."

तुमच्याही संस्थेची साइट असेलच. तर एवढं करा: खुर्चीवरून उठा, रस्त्यावर या, तिथे उभ्या असलेल्या कोणाचाही फोन मागून घ्या आणि आपलं पान त्याच्या फोनवर उघडून बघा. आजच.