उलटायचं राहिलेलं स्टूल

माझा धाकटा दीर लेबर्ट जेवायला बसला की हात मांडीवर ठेवून बसतो. ढोलवाल्यांच्या घरातला मुलगा म्हटलं की लोकांना वाटतं, हा येता-जाता टेबलं बडवत असणार. लेबर्ट तसा नाही. लग्न होऊन मी या कार्गिलांच्या घरात आले तेव्हा तो शाळेतून येऊन पायरीवर असाच बसलेला असायचा, कुणीतरी बोलावण्याची वाट बघत असल्यासारखा. मला वाटलं होतं, मुलगा जरा मंद आहे. मग एका रविवारी माझ्या सासऱ्यांनी अंगणात ढोल आडवा घातला आणि लेबर्टला पुढे बसवलं, आणि मी हातातली परात खाली ठेवून दारात येऊन उभी राहिले.

सासरे म्हणजे एझिकेल कार्गिल. गावाला ते पपा झीक. पोर्ट मोरांटच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर आमची वस्ती आहे. पपांच्या पणज्याला काँगोतून जहाजात घालून इथे ऊस तोडायला आणलं होतं आणि कुमिनाचा, म्हणजे गेलेल्या पूर्वजांना बोलावण्याच्या पूजेचा, ढोल त्याच्या हातांतून या घरात आला. कुमिनात ढोल आडवा घालून त्यावर घोड्यावर बसल्यासारखं बसतात. दोन्ही हात कातड्यावर, आणि टाच. टाच कातड्यावरून सरकवली की आवाज चढतो, उतरतो. पपांची डावी टाच होती. आधी सर्र, मग टप. रस्त्यावरून जाणारा माणूस न बघता सांगायचा, "झीक बसलाय."

तेच पपा आठवड्यातले चार दिवस बसने किंग्स्टनला जाऊन रेगेच्या बँडमध्ये वाजवायचे. तिथे उभ्या मांडणीचे ड्रम, दोन्ही पाय खाली दाबायच्या पट्ट्यांवर. टाचेला काही काम नाही. पण बसायला स्टूल मात्र ते घरचंच न्यायचे. त्यांच्या वडिलांचा ढोल फुटला तेव्हा त्यावरचं बकऱ्याचं कातडं काढून त्यांनी त्या स्टुलावर ताणून बसवलं होतं. "बापाच्या मांडीवर बसून वाजवतो मी," असं म्हणून हसायचे.

रेगेत पहिला ठोका सोडून द्यायचा आणि तिसऱ्यावर सगळा भार टाकायचा. हे लेबर्टला शिकवताना मी ऐकलंय.

"पहिल्यावर हात उचलायचा नाही. तो आपला नाही."

"मग कुणाचा, पपा?"

"कुणाचा का असेना. तुझा नाही एवढं समजलं तरी पुरे."

पपा गेले ते आंब्यांच्या दिवसांत. ऐन त्या आठवड्यात बँडचं ध्वनिमुद्रण ठरलेलं होतं. बापाची जागा मुलाने घ्यायची असं बँडवाल्यांनीच सांगितलं आणि लेबर्ट ते स्टूल काखेत मारून किंग्स्टनला गेला. पुरायच्या दिवशी परत आला तो मोकळ्या हातांनी. स्टूल स्टुडिओतच राहिलं.

आमच्याकडे नवव्या रात्री माणसाला कायमचं पाठवतात. मासे तळतात, भजनं गातात, पांढरी रम फिरते, आणि उजाडायच्या आत त्याची खोली उलटतात. पलंग या भिंतीचा त्या भिंतीला. आरशाचं तोंड मागे. कपाटाची जागा बदलायची, सदऱ्यांचे खिसे उलटे करायचे, गादी पालथी घालायची. गेलेला माणूस परत आला तर त्याला आपली जागा ओळखू येता कामा नये. आणि हे बायकोनेच करायचं. ममाने, म्हणजे माझ्या सासूने, सगळं एकटीने केलं. मला पलंगाला हातसुद्धा लावू दिला नाही. शेवटी ती खोलीच्या मधोमध उभी राहून सगळीकडे बघत होती. मी विचारलं, "ममा, काही राहिलं का?" ती म्हणाली, "नाही. झाडून घे."

त्यानंतर सहा-एक महिन्यांनी ममाला झटका आला. वाचा परत आली, हात परत आला. डावा पाय तेवढा गेला. तेव्हापासून तो लाकडासारखा पडलेला असतो. रोज सकाळी मी त्याला तेल चोळते. सुई टोचली तरी तिला कळत नाही, डॉक्टरांनी टोचून दाखवली होती.

लेबर्टचं सुरुवातीला बरं चाललं. मग तो दर शनिवारी घरी आला की बारीक दिसायला लागला. माझा नवरा ॲस्टन त्याला चिडवायचा. ॲस्टनच्या अंगात ताल औषधालाही नाही. तो मिनीबस चालवतो.

"काय रे, शहरातल्या पोरी खायला घालत नाहीत वाटतं?"

"गप रे."

"सिस मर्ल," ॲस्टन मला म्हणाला, भाऊ समोर असला की तोही मला त्याच्यासारखी हाक मारतो, "याला तुझा नीरफणस भाजून घाल. वाऱ्याने उडून माझ्या बसवर येऊन पडायचा."

लेबर्ट हसला नाही. दुपारी ॲस्टन झोपल्यावर तो स्वयंपाकघरात आला, एक कॅसेट ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "सिस मर्ल, हे ऐक. आणि मी वेडा झालोय का ते सांग."

टेपवर त्यांचंच नवं गाणं होतं, अजून शब्द न घातलेलं. बास, गिटार, लेबर्टचे ड्रम. छान होतं. मग मला ते ऐकू आलं. पहिल्या ठोक्याच्या रिकाम्या जागी, अगदी खालून, सर्र. टप.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने मान डोलावली.

"फिट्झने आधी मलाच विचारलं, पहिल्यावर कोण मारतंय," तो म्हणाला. फिट्झ म्हणजे त्यांचा ध्वनिमुद्रण करणारा माणूस. "मी म्हटलं, कुणी नाही. मग त्याने तारा बदलल्या, माईक बदलले. माझ्या पायांपाशी आडवा पडून बघत राहिला. माझे दोन्ही पाय पट्ट्यांवर होते. तरी टेपवर हे आलंच. आणि सकाळी सगळ्यांच्या आधी मी कुलूप काढून आत जातो ना, तेव्हा स्टूल गरम असतं. नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखं."

"मग दुसऱ्या खुर्चीवर बस ना."

"बसलो. आवाज गेला. पण हातही गेला. चार मोजेपर्यंत माझा ताल सुटतो, शाळेतल्या पोरासारखा. तीन गाणी फेकून दिली त्यांनी. पुढच्या शनिवारपर्यंत नीट वाजवलं नाही तर दुसरा माणूस घेणार आहेत. त्याला आणून ठेवलंय सुद्धा, कोपऱ्यात बसून बघत असतो." त्याने हात पुन्हा मांडीवर ठेवले. "मला दुसरं काही येत नाही, सिस मर्ल."

टेप चालूच होती. मागच्या दारात काठीचा आवाज झाला. ममा कधी येऊन उभी राहिली होती आम्हाला कळलं नव्हतं. ती गाणं संपेपर्यंत तशीच उभी राहिली, मान किंचित कलती करून. बाहेर कुणी आपलं नाव घेतंय का ऐकावं तशी.

"दमलाय तो," ती म्हणाली. "टाच ओढतोय."

लेबर्ट उभा राहिला. "ममा, स्टूल उलटायचं राहिलं. सगळं उलटलं, आणि स्टूल माझ्याकडे राहिलं. कुणाच्या लक्षातच आलं नाही."

"माझ्या आलं होतं."

ममा खुर्चीत बसली, हाताने उचलून डावा पाय नीट ठेवला.

"त्या रात्री खोलीत उभी होते तेव्हाच आलं होतं. मर्लने विचारलं सुद्धा. मी म्हटलं, राहू दे. एक फट राहू दे. एवढी वर्षं मी त्या टाचेच्या ठेक्यावर भात शिजवलाय, तिच्यावर पोरं झोपवली. एकदम सगळं बंद कसं करायचं माणसाने?"

"आणि माझं काय?" लेबर्ट म्हणाला. आवाज चढवला नाही, म्हणूनच ते ऐकवेना. "बारा महिने झाले, ममा. मी वाजवतोय की तो, मला कळत नाही. लोक पाठ थोपटतात ती कुणाची थोपटतात? त्याच्याशिवाय हात चालत नाही आणि त्याच्यासकट मी कुणाला नको आहे."

ममाने हात लांब करून टेप बंद केली. "शुक्रवारी घेऊन ये," ती म्हणाली.

शुक्रवारी ॲस्टनने त्याच्या मिनीबसमधून स्टूल आणलं. मागच्या बाकावर ठेवलं होतं. उतरल्यावर त्याने थट्टा करून बघितली, "याचं तिकीट कोण देणार? किंग्स्टनपासून शेजारी एक माणूस बसला नाही. यॅलासच्या थांब्यावर एक म्हातारी चढली, स्टुलाला 'गुड मॉर्निंग' म्हणाली आणि उभीच राहिली." पण स्टूल खाली उतरवताना त्याने ते पायांना धरून उतरवलं. कातड्याला हात लागू दिला नाही.

भर दुपार होती. अंगणात सावली उरली नव्हती. शेळ्या कुंपणाला चिकटून उभ्या होत्या, चरत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. लेबर्टने माझी धुण्याची बादली पालथी घातली आणि काठ्या काढल्या.

"वाजवायला नाही बोलावलं तुला," मी म्हटलं.

"वाजवू दे," ममा म्हणाली. "एकदा. पुरतं."

तो स्टुलावर बसला. पहिला ठोका सोडला, तिसऱ्यावर काठी पडली. पुन्हा. मी त्याच्या बुटांकडे बघत होते. दोन्ही मातीत सपाट टेकलेले, हलत नव्हते. आणि त्याच्या बैठकीच्या खालून, जिथे काहीच नव्हतं तिथून, आवाज आला. सर्र. टप. टेपवर होता तसा बारीक नाही. अंगणभर. ॲस्टनने टोपी काढली. ममाचे ओठ हलत होते; मोजत होती की बोलत होती, सांगता येणार नाही. लेबर्ट डोळे मिटून वाजवत होता आणि त्याच्या कपाळावरून घाम वाहत होता, तरी त्याच्या दातांचा थंडीने वाजल्यासारखा आवाज येत होता.

"ऊठ आता," ममा म्हणाली.

तो उठला. ठोका आणखी एकदा पडला, रिकाम्या स्टुलावर. सर्र. मग थांबला. पपा ऐकत होते.

मी ममाला बगलेत हात घालून उभं केलं. तिने तोंडात रम घेऊन कातड्यावर फवारली, वाकली आणि दोन्ही हातांनी स्टूल पालथं घातलं. चार पाय वर. "झीक," ती म्हणाली, "ही जागा आता तुझी नाही. पोराला बसू दे." मग आणखी काहीतरी म्हणाली, पुटपुटत. माझा कान तिच्या तोंडाशी होता, तरी मला ते कळलं नाही. ते आमच्या बोलीतलं नव्हतं. पपा ढोलावर बसून ज्या जुन्या शब्दांत हाका मारायचे, त्यांतलं होतं.

लेबर्ट पायरीवर बसला, बादली पुढे ओढली आणि वाजवायला लागला. चार मोजले, आठ मोजले, ताल सुटला नाही. पहिल्या ठोक्यावर काही नव्हतं. नुसती दुपार. इतकी रिकामी जागा मी कधी ऐकली नव्हती. तो थांबला, काठ्यांकडे बघितलं, आणि मग लहान मुलासारखा रडला. शेळ्या चरायला लागल्या होत्या.

शनिवारी तो स्टुडिओतल्या खुर्चीवर बसून वाजवून आला. कोपऱ्यात बसणारा माणूस आपल्या घरी गेला. लेबर्ट आता भरलाय अंगाने. परवा जेवताना त्याने टेबलावर बोटं वाजवली, आणि ॲस्टन म्हणाला, "बघा, कार्गिलांच्यात जन्मलाय अखेर!"

त्यांचं ते गाणं हल्ली दिवसभर खालच्या दुकानातल्या रेडिओवर लागतं. काल दुपारी मी आणि ममा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो तेव्हा लागलं. ममा रस्त्याकडे बघत होती आणि चेहरा शांत होता. तिला इतकं शांत बसलेलं मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. गाणं ऐकत मी मनात मोजत होते. पहिला रिकामा, तिसरा भरलेला. पहिला रिकामा.

मग मला फरशीवर आवाज आला. सर्र. टप.

मी खाली बघितलं. ममाचा डावा पाय, रोज सकाळी मी तेल चोळते तो, फरशीवरून टाच सरकवत होता. अगदी पहिल्या ठोक्याला. ममाचं लक्ष नव्हतं. तिने शेंग फोडली, दाणे माझ्या परातीत टाकले आणि म्हणाली, "आज भात जरा जास्त घाल, मर्ल."