कांताबाईंना पटेना असा टॉर्च

कांताबाई दुकानाची पायरी चढताना दिसल्या की मी काउंटरवरचा चहा घाईघाईने संपवतो, कारण पुढचा अर्धा तास तोंडाला दुसरं काम असतं.

वर्ध्यात स्टेशनच्या रस्त्यावर माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. तीस वर्षांत हुज्जत घालणारी गिऱ्हाइकं पोत्याने पाहिली, पण खोकं आधीच कुणी उघडलंय का हे चष्मा पुसून बघणारी बाई एकच. त्या नालवाडीला राहतात. नवरा नत्थू विहिरीत उतरतो. दोर तुटून पडलेली मोटर, पाइप, कधी जनावर, कधी माणूससुद्धा, जे खाली गेलं ते नत्थू वर आणतो. पंक्चरवाल्याकडे असतो तसला कॉम्प्रेसर काठावर घरघरत असतो, त्याची नळी नत्थूच्या तोंडात, कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक कांताबाईंच्या हातात. बावीस वर्षं ते टोक त्यांनी कुणाच्या हाती दिलेलं नाही. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "दुसऱ्याच्या हाताचा काय भरोसा?"

काही जुन्या विहिरींच्या तळाशी आडवा बोगदा असतो. झऱ्याचा माग काढत कुणीतरी कधीकाळी खणलेला. ओणवं होऊन आत शिरायचं, आणि डोक्यावर पाणी नाही, दगड. नुसता हात लागला तरी गाळ उठतो आणि आपण आलो कुठून ते कळेनासं होतं. अशा जागी हातातली बत्ती दगा देऊन गेली तर माणूसही जायचा. म्हणून कांताबाईंना बिनखोट बत्ती हवी होती, आणि बत्ती विकणाऱ्या सगळ्यांवर त्यांचा संशय होता. त्या सगळ्यांत पहिला मी.

पहिल्या टॉर्चच्या खोक्यावर ठळक लिहिलं होतं, वॉटरप्रूफ.

"हे कोनं लिवलं?"

"कंपनीनं."

"कंपनीचा मालक कधी हिरीत उतरलता का?"

मला मालकाचं नावही माहीत नव्हतं, उतरण्याचं काय सांगणार? त्यांनी तो टॉर्च नेला, दिवसभर रांजणात बुडवून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी आणून दाखवला. काचेच्या आतल्या बाजूला पाण्याचा थेंब लोंबत होता.

मग मी दुकानातला सगळ्यात झगझगीत टॉर्च काढला आणि भिंतीवर मारला. रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. कांताबाई मात्र शेजारच्या हॉटेलातून ताकाचा ग्लास घेऊन आल्या. टॉर्च ग्लासाला टेकवून लावला, तर सगळा ग्लास पांढराफटक.

"पाह्यलं? गाळाच्या पान्यात असंच व्हते. समोर पांढरा पडदा. भित्तीवर उजेड पाडाले मी काय शिनेमा दाखवून राह्यली?"

त्यांना पसरणारा उजेड नको होता, गाळ भेदून जाणारी बारीक धार हवी होती. तीस वर्षं मी गिऱ्हाइकाला भिंतीवरचा झगमगाट दाखवून टॉर्च विकत आलो, आणि ते चूक आहे हे मला ताकाच्या ग्लासाने शिकवलं. राग यायचा तो आलाच.

तिसऱ्या टॉर्चची धार बारीक होती, पण चार्जिंग संपलं की तो पूर्वसूचना न देता विझायचा. शिवाय त्याचं बटण मऊ होतं, खोल पाण्याच्या दाबाने ते आपोआप दाबलं जाईल असं बाईंचं म्हणणं. थंडीने बधिर झालेल्या बोटांनाही फिरवता येईल असं कडं हवं, सायकलच्या ट्यूबने हाताच्या पाठीवर बांधता यावा म्हणजे बोटं मोकळी राहतील, आणि कमरेला दोन छोट्या बत्त्या वेगळ्या. तरी नत्थूने हा तिसरा टॉर्च एकदा खाली नेला आणि वर येऊन म्हणाला, उजेड कमी पडते. झालं, टॉर्च परत.

आता मलाही शंका यायला लागली. हे दोघं कामापुरता माल वापरतात आणि परत आणून देतात की काय? पुढचा टॉर्च देण्याआधी ओळख राहावी म्हणून मी बुडाशी खिळ्याने बारीक खूण करायला घेतली, तर तिथे आधीच एक खूण होती. मी ऐनवेळी दुसराच माल हाती देईन या संशयाने, आदल्या दिवशी बघायला आल्या तेव्हाच बाईंनी ती करून ठेवली होती.

नत्थू या भांडणात कधी पडायचा नाही. बायकोच्या मागे यायचा, काउंटरवरून हात फिरवत उभा राहायचा. एकदा दारातली बल्बची खोकी त्याच्या पायाने आडवी झाली, सकाळी अकरा वाजता. मला वाटलं, घेतलीये. मुद्दाम जवळ जाऊन वास घेतला. वास कसलाच आला नाही, तरी माझं मत बदललं नाही.

खूण केलेला हा चौथा टॉर्च मी खास मुंबईहून मागवला होता, समुद्रात बुडी मारणारे वापरतात तो. बारीक धार, फिरणारं कडं, आणि विझण्याच्या तासभर आधीपासून मंद होत जाणारा. तो घेऊन नत्थू एका विहिरीत उतरला आणि वर येऊन पुन्हा तेच म्हणाला, उजेड कमी पडते. तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, पुढच्या विहिरीवर मी स्वतः येतो, बघू खोट कुठे आहे.

पुढची विहीर सेवाग्रामच्या पलीकडची, किसनरावांची. त्यांची मोटर दोर तुटून पडली होती आणि घसरत बोगद्यात शिरली होती. भर दुपारी मी पोचलो तेव्हा नत्थू दोर बांधून तयार होता. पण कांताबाईंनी सांगून ठेवलं होतं, बत्ती पास झाली तर उतरायचं, नाहीतर घरी.

त्यांनी बादलीत विहिरीचं पाणी घेतलं, दोन मुठी काळी माती कालवली, आमच्याकडे पाठ करून आत काहीतरी टाकलं आणि मला बोलावलं. मी टॉर्च पाण्यात धरला. तळाशी पितळी चकाकी दिसली.

"किल्ली!" मी ओरडलोच.

"बराबर," त्या म्हणाल्या आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. "टाकताना पाह्यली असन तुमी."

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्यांनी पुन्हा पाठ केली, बादली ढवळली आणि नत्थूला हाक मारली. तो आला, गुडघ्यावर बसला, टॉर्च पाण्यात धरून अगदी मन लावून बघितलं.

"किल्लीच हाय. साफ दिसून राह्यली. झकास बत्ती हाय, चाल, घे दोर हातात."

"झालं समाधान?" मी कांताबाईंना विचारलं.

त्यांनी बादलीत कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर काढला तो लाल प्लास्टिकचं झाकण घेऊन. किल्ली त्यांच्या दुसऱ्या मुठीत होती. सापळा खरं तर माझ्यासाठी लावलेला. नत्थूला झाकण दिसलं नसतं, तर बत्ती खोटी आणि मीही खोटा, असा त्यांचा हिशेब. किसनराव हसले. मीही हसलो, मग कांताबाईंचा चेहरा पाहून थांबलो.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

नत्थू गुडघ्यावरून उठला नाही. "दोन सालं झाले. आधी कडंकडंनं दिसनं गेलं. आता मधातलंबी धुरकट दिसते. म्हनून तुले म्हनो, दुसरी बत्ती पाह्य. वाटे, एखांद्या बत्तीनं दिसन."

"अन् खाली कसं करता?"

"बोटं हायेत ना. मोटर हाताले समजते. बोगद्याचं तोंड हाताले समजते."

"मंग बत्ती काऊन लावता?"

नत्थूने कमरेचा दोर चाचपला. "तू वरून पाह्यतं म्हनून. उजेड दिसला का तुहा हात थरथरत नाई. दोरातून समजते मले."

मला मान वर करवेना. या माणसाच्या तोंडाचा मी वास घेतला होता.

कांताबाई त्याच्यासमोर मातीत बसल्या. "साऱ्या दुनियेवर वहम घेतला मी," त्या म्हणाल्या, "एक तुमच्यावरच घेतला नाई." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं, कारण दोन्ही हात नत्थूच्या कमरेच्या गाठीशी झटत होते. गाठ त्यांनीच मारलेली, पक्की. बोटांनी सुटेना तेव्हा त्यांनी दातांनी सोडवली.

"एवढी एक काढतो," नत्थू म्हणाला.

त्यांनी ऐकलंच नाही. दोर गोळा करायला लागल्या.

"अन् माही मोटर?" किसनरावांनी विचारलं.

"राहू द्या खाली," कांताबाई म्हणाल्या. "आज म्या मानूस काढला."