काकाजींना शिवेबाहेर हाकललं तेव्हा

हसा, आधीच हसून घ्या! नंतर हसू नका म्हटलं तरी तुम्ही ऐकणार नाही, आणि मला त्या गोष्टीचा अजून संताप येतो.

इंटर होऊन मी नागपूरहून गावी आले होते. पुढे बी.ए.ला पाठवायचं की नाही, हे बाबांचं ठरत नव्हतं. कारण काय? काकाजी! पाटावर बसले की सुरू: "पोरीले अजून कायले शिकवता? लगन लावा ना!" बाबा मुकाट वरण भुरकायचे. मी आतल्या आत उकळायची. पण बोलायची छाती कुठली? मागे ताटली पडली तरी मी किंचाळते!

आता आमच्या प्राध्यापकांनी एक शब्द शिकवला होता, एक्स्टर्नलायझेशन. म्हणजे आत कोंडलेलं बाहेर काढायचं, त्याला नाव द्यायचं, समोर उभं करायचं. मग ते आपल्याला खात नाही. केवढा जबरदस्त शब्द! तो कुठे वापरू नये, तेवढं सांगायचं मात्र राहिलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नारबोद निघाली, म्हणजे राक्षसिणीचा पुतळा. त्या पुतळ्यासोबत गावची सगळी पीडा शिवेबाहेर हाकलायची. एकानं पीडेचं नाव घ्यायचं, बाकीच्यांनी ओरडायचं.

"खासी-खोकला!"

"घेऊन जाय गे नारबोद!"

"माश्या-मच्छर!"

"घेऊन जाय गे नारबोद!"

अहो, हेच की ते! अख्खं गाव एक्स्टर्नलायझेशन करून राहिलं होतं! माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. डोळे गच्च मिटले आणि कोकलले, "काकाजींची किरकिर!"

"घेऊन जाय गे नारबोद!" गाव गरजलं.

मग काय, बायांना वाटच मिळाली! "माह्या सासूचे टोमणे!" "बुढ्याची दारू!" शेजारची सगुणाबाई तर म्हणते, "काकाजीचं घोरणंबी! आमच्या घरी आयकू येते!"

डोळे उघडते तो समोर काकाजी, लालबुंद. शेजारी बाबा.

"काऊन वो पोरी, मी खोकला आहो का?"

काकाजींनी काठी उगारली, पण माझ्यावर नाही, पुतळ्यावर. आणि असे कडाडले की झाडावरची पाखरं उडाली, "हिचं नागपूरचं कॉलेज!"

मी इतकी दचकले, इतकी दचकले, की तोंडातून जे निघालं ते गावाच्या आधी, आणि गावापेक्षा मोठ्यांदा:

"घेऊन जाय गे नारबोद!"

बाबांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

"झालं तं मंग," ते काकाजींना म्हणाले, "पोरीचंबी तेच म्हणणं हाय. उद्याच पोरगं पाहाले निघू."