यादीतलं नाव, तांदळातलं नाव

चिचटोलीच्या आनंदाबाईंना चिडवायचं असेल, तर त्यांच्यासमोर ‘टोली ती केवढी, मूठभर माणसं’ एवढंच म्हणावं. बाई हातातलं काम ठेवतात, पदर खोचतात आणि घरागणिक माणसं मोजून दाखवतात. देवळी तालुक्यातल्या या टोलीत, म्हणजे छोट्या वस्तीत, त्या सत्तावीस वर्षं अंगणवाडी चालवतात. पाच वर्षांपूर्वी मतदार यादीचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं. टोली पाचशे माणसांची, त्यातले मताच्या वयाचे सव्वातीनशे. यादीत मात्र नावं दोनशे बारा.

मतदान केंद्र नाल्यापलीकडच्या मोठ्या गावात. नाल्यावर पूल नाही. २०१९ला विधानसभेच्या मतदानादिवशी पाऊस कोसळला, नाला फुगला आणि अर्धी टोली काठावर उभी राहून परत आली. सडकेनं जायचं तर सहा किलोमीटरचा वळसा, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तेवढ्यासाठी अर्धा दिवस कोण मोडणार? ज्या टोलीतून मतं निघत नाहीत तिथं उमेदवार फिरकत नाही, आणि उमेदवार फिरकत नाही तिथं पूल होत नाही. म्हणून आनंदाबाईंनी एकच ध्यास घेतला होता. केंद्र टोलीत आणायचं, आपल्या अंगणवाडीत.

तसा टोलीनं बदल पाहिला नाही असं नाही. आधी ती पुलगाव मतदारसंघात होती. मग पुनर्रचना झाली, २००९च्या निवडणुकीला पुलगाव हे नावच गेलं आणि देवळी मतदारसंघ आला. म्हातारे अजून सवयीनं ‘आपल्या पुलगावचा आमदार’ म्हणतात. आनंदाबाई म्हणतात, “नाव बदलवलं अन् संसार तोच ठेवला, आम्हा बायांसारखा.”

हे त्या उगाच म्हणत नाहीत. टोलीत अजूनही लग्नात सुनेचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात, नवरदेव अंगठीनं नवं नाव लिहितो, आणि त्या क्षणापासून माहेरचं नाव संपतं. आनंदाबाई केळझरच्या. गणपतीच्या देवळामागच्या घरात त्यांना शोभा म्हणत. ८८ साली त्या आनंदा झाल्या. दोन वर्षांनी विधानसभेचं मतदान आलं, तेव्हा जावांबरोबर नटूनथटून नाला ओलांडून गेल्या आणि कोऱ्या बोटानं परत आल्या. आनंदा नावाची बाई यादीत नव्हतीच. जावा वाटभर हसल्या. ते हसू त्यांना अजून ऐकू येतं.

आणि तरीही, यादीचं काम हाती आल्यावर, घोळ त्यांनी स्वतःच घातला. सुनांचे अर्ज भरताना टोलीत ज्या नावानं हाका मारतात तीच नावं लिहिली. आधार कार्डावर, शाळेच्या दाखल्यावर माहेरची नावं. एकेचाळीस अर्ज परत आले.

“बाई, या बाया नेमक्या कोण?” तहसीलमधल्या निवडणूक शाखेतल्या गजेंद्रनं विचारलं. माणूस बरा, पण कागदाबाहेर न जाणारा. “यादीत तीनशेच्या आसपास नावं दाखवा, नाल्याचे फोटो जोडा, मी केंद्राचा प्रस्ताव पाठवतो. दोनशे बारावर नाई होत.”

एवढ्या वर्षांची सेविका, आणि एवढी साधी गोष्ट सुचू नये! बसमधून परतताना आनंदाबाईंना स्वतःचीच लाज वाटली. ती चूक आता त्यांनाच निस्तरायची होती, आणि मुदत होती तीन आठवड्यांची.

सुनेला घरी जाऊन माहेरचं नाव विचारावं, तर ती सासूकडे बघते आणि सासू छताकडे. आनंदाबाईंना जागा सापडली ती अंगणवाडीतल्या लसीकरणाच्या दिवशी. नर्सबाई लेकराच्या कार्डावर आईचं आधारचं नाव लिहिते, तेव्हा सगळ्या आया कागद घेऊनच येतात. त्यांनी नर्सबाईंच्या टेबलाला आपलं टेबल लावलं.

पहिलीच आली काजल. माहेर समुद्रपूर, लग्नाला तीन वर्षं, तांदळातलं नाव वेदश्री. नांदत होती देवळी मतदारसंघात आणि तिचं मत पडून होतं हिंगणघाट मतदारसंघात. तिचं नाव इकडे आणायचं तर सासरचं राशन कार्ड हवं होतं. ते सासूच्या, विमलाबाईंच्या ताब्यात. विमलाबाई नातवाला मांडीवर घेऊन तिथंच बसल्या होत्या, आणि टोलीतल्या सगळ्या सासवा त्यांच्या तोंडाकडे बघून वागत.

“मांडवात चार लोकाईसमोर वेदश्री नाव ठेवलं,” विमलाबाई कडाडल्या. “आता सरकारी यादीत काजल काऊन? लोकं म्हणतीन, पोरीचं मन अजून माहेरीच हाय.”

आनंदाबाईंनी पेन खाली ठेवलं. “विमलाबाई, माह्यं नाव शोभा हाय.”

छत्तीस वर्षांत हे नाव त्यांनी सासरी स्वतःच्या तोंडानं उच्चारलं नव्हतं.

“शोभाचं मत केळझरात राह्यलं अन् आनंदा यादीत नव्हती. दोघींतली एकही मोजली नाई गेली. घरात तुमी वेदश्रीच म्हणा, कोण नाई म्हणते? पण मांगच्या श्रावणात हे लेकरू बैलबंडीत काऊन झालं, सांगा. नाल्यानं वाट देल्ली नाई म्हणून. तुमीच होत्या न संगं? पूल मांगाले गेलो तं पह्यले इचारतात, तुमची मतं किती? मी काय सांगू, दोनशे बारा?”

विमलाबाईंनी नातवाला छातीशी घट्ट धरलं. त्या दिवशी बंडीत सुनेचा हात धरून त्या किती रडल्या होत्या, ते त्यांना आणि आनंदाबाईंनाच ठाऊक. विमलाबाई उठल्या आणि निघून गेल्या. काजल मान खाली घालून मागं गेली. त्या दिवशी दुसरा एकही अर्ज भरला गेला नाही. आनंदाबाईंनी कोरे अर्ज पुन्हा गठ्ठ्यात बांधले, पण टेबल काही हलवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिचडी शिजत असताना विमलाबाई दारात उभ्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत राशन कार्ड.

“घे. अन् पावती मले देजो, तिच्यापाशी नको.” मग जरा थांबून म्हणाल्या, “बाकीच्या घरी मी येतो तुह्यासंगं. माह्यासमोर कोण नाई म्हणते, पाह्यतो.”

पुढचे पंधरा दिवस दोघी दारोदार हिंडल्या. ज्या सासवा आनंदाबाईंना चहा पाजून वाटेला लावत, त्या विमलाबाईंना बघून मुकाट ट्रंक उघडत. एका घरी सासरा आडवा आला, त्याला विमलाबाईंनी असं काही सुनावलं की तो गोठ्यातच जाऊन बसला. परत आलेले एकेचाळीस अर्ज आणि आधी राहून गेलेली पस्तीस नावं मिळून यादी दोनशे अठ्ठ्याऐंशीवर गेली. गजेंद्रनं ती दोनदा तपासली, फोटो जोडून प्रस्ताव वर पाठवला, आणि केंद्र मंजूर झालं.

२०२४च्या नोव्हेंबरातलं विधानसभेचं मतदान चिचटोलीनं आपल्या अंगणवाडीत केलं. भिंतीवर भाज्यांचे तक्ते, खाली मतदान यंत्र. वेचणीला जायच्या आधीच बायांची रांग कुंपणापर्यंत गेली. आनंदाबाई बाहेर टेबलाशी यादी घेऊन बसल्या होत्या. आत अधिकारी दारात आलेल्या बाईची चिठ्ठी पाहून रीतीप्रमाणे अनुक्रमांक आणि नाव मोठ्यानं वाचायचा.

“एकशे चव्वेचाळीस. काजल!”

कोणी हललं नाही. काजल चिठ्ठी हातात धरून दारात तशीच उभी. ते नाव या टोलीत असं खड्या आवाजात कधी कोणी घेतलंच नव्हतं.

“काजल!” मागून विमलाबाई ओरडल्या. “अवो, तुलेच बलावून राह्यले. हो म्हण न!”

“हो, मीच,” काजल म्हणाली, आणि आत गेली.

आनंदाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी यादीत तोंड खुपसलं. थोड्या वेळानं मतदान करून विमलाबाई बाहेर आल्या, शाईचं बोट उन्हात धरून पाहिलं आणि टेबलाशी थांबल्या.

“शोभे, तुह्यं झालं का वो मत?”

आनंदाबाईंनी वर पाहिलं. केळझरचं घर सुटल्यापासून त्यांना या नावानं कोणी हाक मारली नव्हती.

“नाई झालं अजून,” त्या म्हणाल्या. यादी विमलाबाईंच्या हातात दिली, पदर खोचला आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.