बर्फातला देव

गंगाखेडच्या एसटीत तो परभणीला चढला. पाय ओढत आला, सावलीच्या सीटवर उपरण्यात गुंडाळलेला स्टीलचा डबा ठेवला आणि स्वतः उभा राहिला. आमच्याकडं नवा देव घरी असाच नेतात. सगळ्या गाडीनं ठरवून टाकलं, डब्यात देव आहे. कंडक्टरनं चपला काढून तिकीट दिलं. शेजारच्या मावशीनं डब्याला कुंकू लावलं. कुणीतरी नारळ पुढं केला, तेव्हा तो कळवळून म्हणाला, "नारळ नका, बर्फ असंल तर द्या."

मी विचारलं, तेव्हा कळलं. डब्यात बर्फात ठेवलेलं, रक्त थांबवायचं इंजेक्शन होतं.

"माझ्या गुडघ्यात रक्त उतरलं की थांबतच न्हाई. आधी ह्याच्यासाठी मुंबई गाठावी लागायची. आता परभणीत मिळायलंय, घरी ठेवायलाबी देतेत."

"मग बसा की, डबा मांडीवर घ्या."

"मांडी लय गरम असती हो."

पोखर्णीला तो उतरायला लागला. मावशीनं वाट अडवली. "कोणचा देव हाय, बाबा?"

"गुडघ्याचा," तो वैतागून म्हणाला.

मावशीनं डबा हिसकून आपल्या दोन्ही गुडघ्यांना लावला. आत अजून थोडा बर्फ होता. तिला तिथल्या तिथं गुण आला.

देव परत घेऊन तो लंगडत घराकडं निघाला.